मांडी घालून बसण्याबाबत

गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या माझ्या बंधुभगिनींनी हे लिखाण सावकाशीने वाचावे, अशी अपेक्षा आहे. माझा उजवा गुडघा आता धातूचा आहे आणि डावा अद्याप माझा आहे. दोहोंविषयी मला जे सांगावयाचे आहे ते रागाने सांगावयाचे आहे. आजारपणाविषयी लिहिणारे लोक शेवटी सर्वांचे आभार मानतात व सर्व काही चांगल्यासाठीच झाले असे म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. ज्यांचे आभार मानणे योग्य आहे त्यांचे मी त्या त्या ठिकाणी मानीन.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. पेणच्या कचेरीच्या आवारात, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, माझी बैठक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले, तरी माझा मसुदा वाचून वकील मंडळींनी मान डोलावलेली आहे, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. जमिनीवर चटई, चटईवर मांडी, मांडीसमोर उतरते लाकडी डेस्क आणि डेस्कापलीकडे अर्जदार, अशी आमच्या कामाची रचना असते. अर्जदारही खालीच बसतो. त्याचा गुडघा माझ्या डेस्काला लागतो, इतका तो जवळ असतो. मिठागरावरचा माणूस कचेरीत जन्मभर उभाच राहतो. तो बसतो तो फक्त माझ्यासमोर, आणि बसल्यावरच बोलतो. टंकलेखक म्हात्रे यांनी आवारात टेबलखुर्ची मांडली, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो की, हुकूम देणारा खुर्चीवर बसतो, विनंती लिहिणाऱ्याने विनंती करणाऱ्याच्या पातळीवर बसावे. हे वाक्य कचेरीत बरेच दिवस गाजले. म्हात्रे यांनीही ते चांगले लक्षात ठेवले, हे मला पुढे कळले.

आधार

दुखणे प्रथम उठताना सुरू झाले. बसताना काही नाही, बसल्यावरही काही नाही; उठताना मात्र गुडघ्यात कोणीतरी खडा ठेवून दार लावल्यासारखे होई. मी ते वातावर ढकलले. सौभाग्यवतीने निर्गुडीचा पाला वाफवून बांधला, तिळाच्या तेलात लसूण तापवून चोळला. त्यानंतर क्रेप बँडेज आले. ते मांडी घातली की सुटून घोट्याशी गोळा होई. मग गुडघ्यावर चढवायची लवचिक टोपी आली, आणि तीही निष्फळ ठरल्यावर दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला पट्टा आला. तो घालून पाय दुमडेना. म्हणजे ज्या कामासाठी पट्टा घ्यायचा, तेच काम पट्टा करू देईना. मी तो बसताना काढी आणि उठताना घाली. अर्जदार समोर ताटकळत आणि मी धोतर सावरून पट्ट्याचे बक्कल शोधीत आहे, हा देखावा कचेरीने रोज पाहिला.

उपदेश करणारांची संख्या औषधांपेक्षा अधिक होती. कोणी वजन कमी करा म्हणाले, कोणी वांगे सोडा म्हणाले, कोणी तांब्याचे कडे घालायला लावले. मी सर्व केले आणि सर्व निरर्थक ठरले. ज्यांचा गुडघा कधी दुखलेला नाही त्यांनी दुसऱ्याच्या गुडघ्याविषयी बोलू नये, असा कायदा व्हावयास हवा, आणि त्याचा मसुदा मी विनामूल्य करून देईन.

शेवटी मला एकट्याने उठता येईना. संध्याकाळी शेवटच्या अर्जदारालाच मला बगलेत हात घालून उठवावे लागे. ज्याच्या वतीने मी सरकारला उभे करीत असे, त्याने मला उभे करायचे. म्हात्रे आपल्या खुर्चीवरून पाहत आणि एवढेच म्हणत, "भाऊसाहेब, विनंती मंजूर झाली का?"

फोटो

पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला आणि खिडकीच्या उजेडाला धरून दाखवला. दोन हाडांमध्ये जी फट हवी ती नव्हती. त्यांनी पेनचे टोक त्या जागी ठेवले आणि म्हणाले की, गादी झिजली, हाडावर हाड घासते आहे, आता गोळ्यांनी फक्त दिवस ढकलणे. मी विचारले की हे कशाने झाले. ते म्हणाले की वय, वजन आणि जन्मभर मांडी घालून बसणे.

हे शेवटचे कारण त्यांनी इतक्या सहज सांगितले, की मला तो फोटो फाडावासा वाटला. मांडी घालून बसणे हा माझा व्यवसाय होता. त्या बैठकीवर मी मुलगी वाढवली, तिचे लग्न केले, अनेकांच्या नावावर त्यांच्या जमिनी आणल्या. त्या बैठकीलाच रोगाचे कारण ठरवून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले. घरी येताना मी रिक्षात बसलो नाही. रागाने चालत आलो, आणि त्याची शिक्षा गुडघ्याने त्याच संध्याकाळी दिली.

शेवटचा परिच्छेद

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गुडघा बदलून मिळतो, असे कळले. धर्मादाय संस्थांना मदतीचे अर्ज मी स्वतः लिहिले आणि ते मंजूर झाले. यात मला आश्चर्य वाटले नाही.

आता येथे जे घडले ते मी नीट सांगतो, कारण या लिखाणाचे सारे प्रयोजन त्यात आहे.

अर्ज लिहिण्याची एक रीत आहे. प्रथम अर्जदार कोण, कोठला, हे लिहावे. मग पार्श्वभूमी, मग घडलेली हकीकत तारीखवार, मग झालेला त्रास. विनंती सर्वांत शेवटी, "सबब" या शब्दानंतर. आरंभीच मागणी केली तर वाचणारा अधिकारी सावध होतो व नाकारण्याची कारणे शोधू लागतो, हे मी अनुभवाने शिकलो आहे. त्याची मनोभूमी आधी तयार करावी लागते. मी शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांसमोर त्याच रीतीने बोललो. नाव, गाव, दुखण्याचा आरंभ, निर्गुडी, बँडेज, टोपी, पट्टा. मी पट्ट्यापर्यंत आलो होतो.

ते उभे होते. त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. त्यांनी मला थांबवून विचारले, "चालताना दुखतं? जिने चढताना दुखतं?" मी होय म्हणालो. ते म्हणाले, "झालं तर. चालाल, जिने चढाल. काळजी करू नका." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी म्हणालो की, माझ्या व्यवसायाचे स्वरूप सांगायचे राहिले आहे. एका शिकाऊ डॉक्टराने मागे वळून विचारले की, काय काम करता. मी म्हणालो, लेखनाचे. तो म्हणाला की, उत्तम, मग वजन उचलायचे नाही, आणि त्याने ते कागदावर टिपून घेतले.

माझे "सबब" माझ्या तोंडातच राहिले. पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसता यावे, एवढीच माझी विनंती होती. ती शेवटच्या परिच्छेदात होती, आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत कोणी थांबले नाही.

वॉर्ड

शस्त्रक्रियेचे वर्णन मी करणार नाही, कारण ती मी पाहिलेली नाही. कंबरेखालचे शरीर बधिर केले होते. हिरव्या पडद्यापलीकडे सुताराकडे चालावा तसा ठोकण्याचा आवाज येत होता. तो माझ्या पायावर चालला आहे, हे मला बुद्धीने ठाऊक होते.

वॉर्डाची शिस्त सांगतो. पहाटे अंग पुसायला येतात, मग चहा, मग मलमपट्टी, मग राउंड. राउंडच्या वेळी सर्व रुग्ण उताणे पडलेले आणि सर्व डॉक्टर उभे. त्या मांडणीत माणूस फार बोलू शकत नाही. हे मी मनात टिपून ठेवले. वॉर्डातील आया मात्र भली बाई होती. बेडपॅन मागायला मला लाज वाटे, म्हणून ती स्वतःच ठरलेल्या वेळी पडदा ओढून घेई आणि खिडकीबाहेरच्या गोष्टी सांगत पाठमोरी उभी राही. तिचे आभार.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी येई. गुडघा वाकवताना मी ज्या भाषेत बोललो ती येथे लिहिण्याजोगी नाही. तिने कधी मनावर घेतले नाही. वॉकर घेऊन दारापर्यंत पहिल्यांदा गेलो, तेव्हा हाडावर हाड घासले नाही. तो खडा नव्हता. इतक्या वर्षांनी तो खडा नव्हता, आणि मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. त्या क्षणापुरता मी कोणावरही रागावलेलो नव्हतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी ती मुलगी सूचना द्यायला बसली. "काका, आता खाली बसायचं नाही. पाटावर नाही, जमिनीवर नाही, देशी संडासला नाही. मांडी विसरायची."

मी विचारले, "किती महिने?"

ती म्हणाली, "महिने नाही काका. कायमचंच."

मी तिला म्हणालो की, माझा जुना गुडघा मला परत द्यावा. सौभाग्यवतीला वाटले की औषधाने माझे डोके फिरले. डोके ठिकाणावर होते. दुखरा का होईना, तो गुडघा मला माझ्या चटईवर बसवीत होता. त्या मुलीने माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "तो गेला, काका. आधी कोणी सांगितलं नाही का?"

मी वॉर्डात मोठ्याने बोललो, मोठ्या डॉक्टरांना बोलावून घ्या म्हणालो, वर्तमानपत्रात देईन म्हणालो. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. शिकाऊ डॉक्टराने माझा कागद काढून दाखवला. त्यावर लेखन असे लिहिले होते. ते खरेच होते.

रोहा

पेणच्या आमच्या घरी कमोड नाही. जावई रोह्याच्या वसाहतीत कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतात आणि तेथे तो आहे. केवळ त्या एका चिनीमातीच्या वस्तूसाठी मला सासऱ्याच्या मानाने नव्हे, तर आश्रितासारखे मुलीच्या घरी राहावे लागले. जावई रात्रपाळी करून सकाळी येत आणि मी आत असलो तर दाराबाहेर टॉवेल घेऊन निमूट उभे राहत. त्यांनी एकदाही दार वाजवले नाही. त्यांचे आभार. पण त्या निमूटपणाचाही मला राग येई.

मला सर्वांचा राग येई. मुलगी जेवणाचे ताट टेबलावर आणून देई आणि घरातील इतर सर्व खाली बसून जेवत. मी वरून त्यांच्या डोक्यांचे भांग पाहत जेवीत असे. एके दिवशी मी ताट सरकवले आणि पुन्हा त्या डॉक्टरांवर सुरू झालो. त्यांनी ऐकून घेतले असते तर, त्यांना दोन मिनिटे थांबता आले असते तर, वगैरे.

सौभाग्यवती खाली भाकरी मोडत होती. लग्न झाल्यापासून तिने मला उलट उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही तरी काय हवं ते कधी आधी सांगितलंय? भूक लागली म्हणायच्या आधी दिवसभराच्या कचेरीची हकीकत. ती संपली की मग ताट वाढ. मला वेळ होता, म्हणून मी ऐकत आले. त्या डॉक्टरला नव्हता."

मुलगी हसू दाबीत स्वयंपाकघरात गेली. मी चार दिवस सौभाग्यवतीशी बोललो नाही. व्यायाम मात्र केला. राग असला की गुडघा चांगला वाकतो, हा माझा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा.

खुर्ची

घरच्या संडासावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळाल्यावर मी कासूवरून गाडीने पेणला परतलो आणि कचेरीत गेलो. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला माझ्या चटईच्या जागी म्हात्रे यांचे टेबल होते. ते उठले, आपली दुसरी खुर्ची त्यांनी माझ्यासाठी पुढे केली आणि म्हणाले, "या भाऊसाहेब. हुकूम करा." मी ती खुर्ची घेतली. दुसरा उपाय नव्हता. त्यांनी टेबल उचलून पूर्वीच्या जागी नेले, एवढे त्यांच्या बाजूने लिहितो.

खुर्चीवर बसून मी काम सुरू केले आणि माझ्यासमोर लोक उभे राहू लागले. मी खाली बसा म्हटले, तर ते खाली बसत आणि माझ्या बुटांकडे पाहून बोलत. उभे राहिले तर साहेबासमोर बोलावे तसे चार शब्द बोलत आणि हात जोडत. माझ्यासमोर हात जोडण्याची पद्धत नव्हती.

गडबच्या पलीकडे खाडीकाठी राहणारी काशीबाई आली. नवरा मिठागरावर होता, तो वारला. तिचे अर्ज मी पूर्वी लिहिलेले होते. तिने खुर्चीकडे पाहिले, मग डबा घेऊन आलेल्या सौभाग्यवतीकडे पाहिले आणि विचारले, "काय गो, यांना वर कोनी बसवलं?" मग ती उभ्यानेच बोलली. घराखालची जागा दिराच्या नावावर आहे, एवढे ती म्हणाली, आणि ती तिच्या नावावर व्हावी, हे मी धरून चाललो. मी हकीकत लिहिली, रीतसर विनंती लिहिली, तिचा अंगठा घेतला. ती काही वेळ तशीच उभी राहिली. मी पुढच्या माणसाला बोलावले. ती गेली.

जागेचे ते काम वर्षानुवर्षे चालणारे असते, हे मला माहीत होते. ती का थांबली होती, हे मला माहीत नव्हते.

डावा गुडघा

तपासणीसाठी पुन्हा मुंबईला जावे लागले. डाव्या गुडघ्याचाही फोटो त्यांनी पाहिला आणि तोही बदलावा लागेल असे म्हणाले. मोठे डॉक्टर उभेच होते. ते मला काही विचारणार इतक्यात मी म्हणालो, "मला जमिनीवर मांडी घालून बसायचं आहे. मी अर्जनवीस आहे. माझं काम जमिनीवर चालतं."

एवढेच. नाव नाही, गाव नाही, निर्गुडी नाही. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत ओबडधोबड अर्ज होता.

त्यांनी फोटो खाली ठेवला. ते म्हणाले, "ते मी देऊ शकत नाही. उजव्यालाही नाही, डाव्यालाही नाही. जबरदस्तीनं बसलात, तर उजवा सांधा निकामी होईल."

मी म्हणालो, "हे तुम्ही मागच्या वेळी सांगायला हवं होतं."

त्यांनी स्टूल ओढले आणि ते बसले. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. ते म्हणाले, "हो. विचारायला हवं होतं." मग त्यांनी डावा गुडघा तसाच ठेवला तर काय होईल ते सांगितले, बदलला तर काय होईल ते सांगितले, काय कधीच होणार नाही तेही सांगितले. माझा राग त्याने गेला नाही. परंतु नकार कसा असावा हे मला कळले. तो समोर बसून द्यावा. मी डाव्या गुडघ्याला होकार दिला. पाऊस उलटला की जायचे आहे.

जोते

चटई संपली, हे आता निश्चित झाले होते. खुर्ची मी म्हात्रे यांना परत केली, आणि कचेरीच्या जोत्याच्या कडेवर पाय खाली सोडून बसलो. दगड कमरेइतका उंच आहे. वॉकरऐवजी आता काठी आहे, ती बाजूला ठेवली. डेस्काची फळी मांडीवर घेतली. कचेरीच्या शिपायाने हटकले. मी त्याला म्हणालो की, लेखी हुकूम आण. तो आणायला गेला, आणि अद्याप आलेला नाही.

त्याच आठवड्यात काशीबाई पुन्हा आली. तिने माझे लोंबते पाय पाहिले, टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी रेटा देऊन माझ्या शेजारी जोत्यावर चढून बसली. तिचेही पाय लोंबू लागले. आम्ही दोघेही आवाराच्या फाटकाकडे तोंड करून बसलो होतो. ती आधी कांडपाचे, सुनेचे, खाडीलगतच्या खाजणात शिरलेल्या पाण्याचे बोलू लागली. मला माझी हकीकत आठवली, निर्गुडीपासूनची. मी तिला मध्येच थांबवून म्हणालो, "काशीबाई, ते सगळं मी नंतर लिहितो. तुला काय हवंय ते आधी सांग."

तिने फाटकाकडेच पाहत सांगितले, "जागा काय नको मला, भाऊ. जागा घेऊन मी कुठं नेनार हाय? दिरानं इहिरीकडची वाट काट्या लावून बंद केलीन. पानी आनायला मी खाडीकडून वलसा घालते. माजंबी गुडघं गेलंत. वाट हवी."

"मग मागं का बोलली नाहीस?"

"तवा तुमी वर होतात. आन मी बोलायच्या आदीच लिवलंत."

मी तिला पुरते बोलू दिले नव्हते, असे कोणी म्हणेल. खुर्ची बोलू देत नाही, एवढेच मी म्हणेन. आणि माणसाला जमिनीवरून उठवून खुर्चीवर चढवणाऱ्यांविषयी माझे जे मत आहे ते कायम आहे.

मी नवा कागद घेतला. "सबब" वगळले. पहिल्या ओळीत लिहिले : अर्जदार बाईस विहिरीकडे जाण्याची वहिवाटीची वाट तात्काळ खुली करून मिळावी. तिचे नाव, गाव, दीर, काट्या हे सर्व त्याखाली लिहिले. अर्ज आत नेला तेव्हा कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले की, भाऊसाहेब, हा कोणता नमुना, विनंती शेवटी असते. मी काठी टेकून त्याच्या टेबलासमोर उभा होतो, आणि तो बसलेला होता.

मी त्याला म्हणालो, "पहिली ओळ मोठ्यानं वाचा. मग हवं तर उठून जा."

त्याने ती वाचली.